पडद्यावरची आजीही वर्गातच आहे

११ एप्रिल म्हटले की आपणांस महात्मा फुले यांची जयंती आठवते. हाच दिवस जागतिक कंपवात दिन म्हणूनही पाळला जातो. १८१७ साली या आजाराचे वर्णन लिहिणारे डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा तो जन्मदिवस. या आजारात हात थरथरतात, अंग ताठरते, चालताना पाऊल जागीच अडते. लोक हसतील या लाजेने कितीतरी वडीलधारी माणसे घराबाहेर पडणेच सोडतात.

औषधे चालू ठेवलीच पाहिजेत. पण ताल कानी पडला की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. अमेरिकेत ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी असे वर्ग घेतले. २०२० च्या टाळेबंदीत ब्रुकलिनचे वर्ग पडद्यावर गेले आणि पुढे सभागृहातले व घरचे एकत्र शिकू लागले.

दिंडोरीच्या रुग्णाने पुणे कसे गाठावे? पण समाजमंदिरात दहा खुर्च्या मांडणे आणि मळ्यातल्या आजीला मोबाईलवरून सामील करून घेणे आपल्याला अवघड नाही. डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. मात्र काही पथ्ये पाळावीत.

आजीची खुर्ची चाकांची नसावी, ती भिंतीला टेकवावी. घरातले एक माणूस जवळ हवेच. तोल गेला तर पडद्यावरून कोणी सावरू शकत नाही. मोबाईल हातात न धरता फळीवर असा ठेवावा की आजी डोक्यापासून पायांपर्यंत दिसेल. मोबाईलवर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. त्यामुळे दोन्हीकडच्या टाळ्या जुळत नाहीत आणि गोंधळ होतो. म्हणून शिकवताना घरचा आवाज बंद ठेवावा, शिकवणाऱ्याने मोठ्याने आकडे मोजावेत. तोंड शिष्यांकडे असेल तर "उजवा हात" म्हणताना स्वतःचा डावा उचलावा. आरशात पाहिल्यासारखे सर्वांना सोपे जाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका तरुण मुलाने किंवा मुलीने फक्त पडद्याकडे लक्ष द्यावे. आजी थांबल्या, दमल्या, तर शिकवणाऱ्याला लगेच सांगावे. दर थोड्या वेळाने आवाज सुरू करून त्यांना नावाने हाक मारावी.

समोरच्यांचे आटोपल्यावर शेवटी पडद्यावरच्यांची आठवण काढणे म्हणजे त्यांना उंबऱ्याबाहेर बसवणे होय. उंबऱ्याबाहेर बसण्याचे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की हजेरी घेताना पहिले नाव घरी बसलेल्या आजीचे घ्या.