रंग चुकलेली फुले

मराठीत ‘गुलबक्षी’ हे एका फुलाचे नाव आहे आणि एका रंगाचेही. गंमत अशी, की ज्या झुडपाने रंगाला नाव दिले, ते स्वतः एका रंगाला बांधलेले नाही. संध्याकाळी परसात गुलबक्षी उमलते तेव्हा एकाच झुडपावर एखादे फूल पिवळे, एखादे अर्धे पिवळे अर्धे जांभळट गुलाबी, तर एखाद्यावर कुंकवाचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके दिसतात. कोणी त्याचा फोटो काढून ‘चमत्कार’ म्हणून पाठवतो, तर कोणी ‘बियाणे बिघडले’ म्हणून झुडूप उपटतो. या दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. असे का झाले, हे कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्याच अंशी माहीत आहे. गुलबक्षीत बिटाच्या कुळातली रंगद्रव्ये असतात. त्यांतले एक पिवळे, दुसरे जांभळट लाल. लाल द्रव्य तयार होण्यासाठी एक ठरावीक जनुक शाबूत असावे लागते. काही झुडपांत या जनुकात डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसून बसलेला असतो. त्यामुळे लाल रंग बनत नाही आणि फूल पिवळे राहते. पण हा तुकडा एका जागी स्थिर नसतो. कळी वाढत असताना एखाद्या पेशीत तो जनुकातून निसटला, की त्या पेशीत आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत लाल रंग परततो. तुकडा लवकर निसटला तर रुंद पट्टा उमटतो, उशिरा निसटला तर नुसता ठिपका. म्हणजे ठिपक्याच्या आकारावरून ही घटना केव्हा घडली, याचा अंदाज बांधता येतो.

जागा बदलणारे असे तुकडे प्रथम ओळखले ते बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी, तेही मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांवरून. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९४० च्या दशकात त्या कणसे लावत आणि दाण्यांवरचे डाग तपासत होत्या. जनुके म्हणजे माळेत ओवलेले मणी, अशी तेव्हाची समजूत होती. मणी स्वतःहून जागा बदलतात, हे १९५१ मध्ये त्यांनी परिषदेत मांडले तेव्हा त्याचे थंड स्वागत झाले. नोबेल मिळाले १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी.

या ठिपक्यांचा माणसाच्या आरोग्याशी काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. माणसाच्या डीएनएचा जवळजवळ निम्मा भाग अशाच फिरत्या तुकड्यांतून आलेला आहे. त्यांतले बहुतेक आता निपचित पडलेले आहेत, पण सगळे नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत असाच एक तुकडा रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या जनुकात नव्याने घुसलेला आढळला. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे जातो, एवढेच अर्धवट ज्ञान समाजात असते. त्यामुळे घराण्यात कधी नसलेला आजार मुलात दिसला, की दोष आईच्या माथी मारणे सोपे जाते. जनुकातला बदल वारसा नसतानाही नव्याने होऊ शकतो, हे डॉक्टर आज त्या आईला सांगू शकतात. त्यामागच्या ज्ञानाचा एक धागा मक्याच्या डागाळलेल्या दाण्यापर्यंत जातो.

दुसरे उदाहरण पेट्युनियाचे. कुंडीत सर्रास दिसणारे हे फूल अधिक गडद जांभळे व्हावे, म्हणून अमेरिकेतील काही संशोधकांनी त्यात रंग बनवणाऱ्या जनुकाची जादा प्रत घातली. काही झाडांवर फुले चक्क पांढरी आली, काहींवर जांभळ्यात पांढरे पट्टे उठले. जादा प्रतीने रंग वाढवला नाही, तर झाडाच्या मूळ जनुकाचेही तोंड बंद केले. प्रयोग फसला म्हणून कुंड्या फेकून देता आल्या असत्या. पण त्यांनी १९९० मध्ये हा उलटा परिणाम प्रसिद्ध केला. पुढे १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर प्रयोग करून दाखवले, की दुहेरी धाग्याचा आरएनए त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकाला गप्प करतो. पेट्युनियाचे कोडेही त्याच वाटेने सुटत गेले. २००६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या शोधाला मिळाले.

या तत्त्वावरचे पहिले औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एका आनुवंशिक आजारात यकृतात बनणारे सदोष प्रथिन मज्जातंतूंवर साचत जाते आणि रुग्णाचे हातपाय हळूहळू निकामी होतात. हे औषध ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा संदेश मधेच खोडते. त्यानंतर याच पद्धतीने वाईट कोलेस्टेरॉल कमी करणारे इंजेक्शन आले. सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर ते वर्षातून दोनदाच घ्यावे लागते. ही औषधे महाग आहेत आणि बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, हेही तितकेच खरे. पण किमतीवर भांडायला आधी औषध अस्तित्वात यावे लागते.

अर्थात रंग चुकलेले प्रत्येक फूल शोधाची चाहूल असते, असे मुळीच नाही. थंड प्रदेशांतील बागांत आयरिसचा जांभळा ताटवा काही वर्षांनी वेगळ्याच रंगाचा झाला, की लोक चकित होतात. बहुतेकदा तिथे बी पडून उगवलेले नवे रोप जुन्या कंदांना मागे टाकून माजलेले असते. कधी शेजारी मारलेल्या तणनाशकाने फुले फिकट आणि वेडीवाकडी येतात. कधी उन्हाचा चटका, तर कधी विषाणू कारणीभूत असतो. साधी कारणे आधी तपासायची आणि ती संपल्यावर उरलेल्या कोड्याशी झुंजायचे, हीच तर विज्ञानाची शिस्त आहे. चांगला डॉक्टरही तापाच्या रुग्णाला असाच तपासतो.

ही सवय आपल्याकडे कुठे लागणार? शाळेत मेंडेलचा वाटाणा तीनास एक या गणितापुरता शिकवला जातो. उत्तर गुणोत्तरात बसले की गुण मिळतात. जे गुणोत्तरात बसत नाही ते दारातल्या गुलबक्षीवर फुललेले असते, पण ते परीक्षेत येत नाही.

शाळेतली हीच वृत्ती पुढे निधीच्या वाटपात उतरते. भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले. त्यासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा आराखडा मांडला गेला. त्यातले सुमारे ३६ हजार कोटी उद्योग व इतर बिगरसरकारी स्रोतांतून यावेत, अशी अपेक्षा आहे. उद्योगांनी पैसा द्यावा, यात वावगे काही नाही. पण उद्योग पैसा देताना ‘याचा उपयोग काय?’ हे विचारणारच. मक्याच्या दाण्यावर डाग का पडतो, या प्रश्नाला १९४४ मध्ये त्याचे उत्तर देता आले नसते.

म्हणून सरकारी वाट्यातला ठरावीक हिस्सा अशा ‘निरुपयोगी’ प्रश्नांसाठी राखून ठेवायला हवा, आणि तो अपेक्षित निकालाच्या अटीवर देता कामा नये. फसलेल्या प्रयोगाचा अहवालही प्रगती म्हणून मोजला जावा. त्याहून स्वस्त उपाय शाळांच्या हातात आहे. विद्यार्थ्यांनी दोन गुलबक्ष्या लावाव्यात, रोजची फुले मोजावीत, पट्टे आणि ठिपके वहीत उतरवावेत. त्याला अनुदान लागत नाही. लागते ती फक्त एक परवानगी: पुस्तकातल्या उत्तराशी न जुळणारे फूल दिसले, तर ते तसेच लिहून ठेवण्याची.