कंटेनरचा इतिहास : सोय आधी की भिंत आधी?

१/७ एकाच लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या प्रोग्रामांभोवती घातलेली वेगवेगळी कुंपणे म्हणजे कंटेनर. विषय संगणकाचा वाटेल. पण ‘आधी काय करायचे’ हे कोणीतरी ठरवते आणि त्याचे परिणाम पुढच्यांना भोगावे लागतात, हा तर इतिहासाचाच विषय.

२/७ कल्पना जुनी आहे. १९७९च्या युनिक्समध्ये (सातवी आवृत्ती) ‘सीएचरूट’ होते : फाइलींचा एक कोपराच प्रोग्रामला सारे जग म्हणून दाखवायचा. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले. नावातच हेतू स्पष्ट होता.

३/७ लिनक्सवर ही भिंत तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली. २००२ मध्ये पहिले नेमस्पेस, २००८ मध्ये सीग्रुप आणि त्याच वर्षी हे सारे एकत्र आणणारे एलएक्ससी. मात्र आतला ‘रूट’ बाहेरही रूटच राही. २०१३च्या कर्नल ३.८ने युजर नेमस्पेसची वाट मोकळी केली. २०१४च्या एलएक्ससी १.०मध्ये सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालणारे कंटेनर आले.

४/७ दरम्यान, मार्च २०१३ मध्ये डॉकर अवतरले, तेही आरंभी एलएक्ससीच्याच खांद्यावर. त्याने सोयीला अग्रक्रम दिला : प्रोग्राम आणि त्याची सारी शिदोरी एका इमेजमध्ये बांधा, हवी तिथे उघडा. या सोयीविना कंटेनर मूठभर जाणकारांपुरतेच उरले असते, हे मान्य करायलाच हवे.

५/७ पण किंमतही मोजावी लागली. २०१९ मध्ये रनसी या पायाभूत साधनात दोष सापडला. दुष्ट कंटेनरला त्यातून मूळ संगणकाचा रूट अधिकार मिळवता येत होता. युजर नेमस्पेस नीट वापरले असेल तिथे हा हल्ला अडत होता. औषध घरात होते. ते घेण्याचा शिरस्ता नव्हता.

६/७ दुसरा धडा मालकीचा. जुलै २०२३ मध्ये कॅनॉनिकलने एलएक्सडी हा प्रकल्प सामुदायिक छत्राखालून स्वतःकडे घेतला. पुढच्याच महिन्यात त्यातून ‘इन्कस’ ही स्वतंत्र शाखा फुटली. परवाना खुला होता, म्हणूनच हे शक्य झाले.

७/७ म्हणून माझे मत असे : कमी अधिकारात चालणारे कंटेनर हाच मूळ नियम व्हावा, जुन्या कोडच्या डागडुजीला नव्या सुविधांइतकाच मान मिळावा आणि प्राधान्यक्रम एकाच कंपनीच्या दप्तरी ठरू नये. इमला चढवण्यापूर्वी पाया तपासावा, हे शहाणपण किल्ले बांधणाऱ्यांना ठाऊक होते. सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांनाही ते परके नसावे.