रक्ताचा आळ कोणाच्या माथी?

मुझफ्फरपूरच्या बाँबचे पाप टिळकांच्या ‘केसरी’च्या माथी मारणारे सुविद्य गृहस्थ अजूनही भेटतात. त्यांचा पूर्वपक्ष असा की, ज्याने राज्यकर्त्यांविषयी अप्रीती पसरविली त्यानेच खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांच्या हाती बाँब दिला. सबब १९०८ साली टिळकांना झालेली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा न्याय्यच होती.

बाँब पडला ३० एप्रिलला, आणि ज्या लेखांवरून खटला उभा राहिला ते १२ मे व ९ जूनचे. कार्यामागून जन्मणारे कारण न्यायशास्त्रात तरी आढळत नाही! आधीच्या लेखांचे काय, असे कोणी विचारील. परंतु बंगालची फाळणी, लाला लजपतरायांची हद्दपारी आणि ज्या किंग्जफर्डवर हा बाँब योजला होता त्याने एका पोरसवदा मुलाला मारविलेले फटके, यांतले काहीच टिळकांच्या दौतीतून निघाले नव्हते.

शिवाय हा आळ घेणाऱ्या सरकारची न्यायबुद्धी किती सोयीची होती, हे रत्नागिरीकरांना थिबा राजवाड्याकडे पाहून कळण्यासारखे आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याच्या दरबारात १८७९ साली राजघराण्यातील आप्तांची घोर कत्तल झाली, हे खरेच, आणि तिचे समर्थन कोणी करू नये. तथापि त्या रक्ताचा विटाळ न मानता इंग्रजांचा व्यापार पुढे सहा वर्षे बिनदिक्कत चालला, आणि १८८५ मध्ये सागवानाच्या तंट्यात बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड झाल्यावरच ब्रह्मदेशच्या प्रजेची कणव सरकारला अनावर झाली. लढाई झाली, मुलूख खालसा झाला, राजा रत्नागिरीस नजरकैदेत आला. आणि त्या लढाईत पडलेल्यांचा जाब मात्र कोणत्याच न्यायासनाने मागितला नाही.

म्हणून क्रांतिकारकांना सर्वस्वी निर्दोष ठरवावे, असे माझे म्हणणे नाही. त्या बाँबने मेल्या त्या केनेडी मायलेकी, आणि त्यांच्या हत्येचा दोष बाँब टाकणाऱ्यांचाच. हौतात्म्याच्या तेजात तो लपवू पाहणारे भक्तही मला सरकारी वकिलाइतकेच पक्षपाती वाटतात. परंतु ज्याच्या हाती सत्ता, कायदा आणि फौज आहे, त्याने दाद मागण्याचे सनदशीर मार्ग बुजवावेत आणि पुढच्या अनर्थाची इशारत देणाऱ्यालाच त्या अनर्थाचा कर्ता ठरवावे, हा न्याय नव्हे.

त्या शिक्षेने रक्तपात थांबलाही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या, तेव्हा टिळक वर्षाहून अधिक काळ मंडालेच्या तुरुंगात होते.