देवापुरती समता

भक्तीनें येणारी समता ही केवळ देवापुढची. व्यवहारांतल्या उच्चनीचतेशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, असा एक युक्तिवाद आमच्या सुशिक्षित मंडळींत अद्याप प्रतिष्ठेनें वावरत असतो. मौज अशी कीं, त्याला साक्ष मिळते ती प्रतिपक्षाची. १९३६ सालीं लाहोरसाठीं लिहिलेल्या, पण तेथें होऊं न शकलेल्या भाषणावर गांधीजींनीं केलेल्या टीकेला उत्तर देतांना डॉ. आंबेडकरांनीं संतांवर हाच आक्षेप घेतला होता: माणसें ईश्वराच्या दृष्टीनें समान आहेत एवढेंच संतांनीं सांगितलें, माणसें परस्परांत समान आहेत असें नव्हे. त्यांनीं जें दूषण म्हणून दिलें, तेंच आमचे हे मित्र भूषण म्हणून मिरवितात!

आमचें म्हणणें असें कीं, भक्ति म्हणजे प्रेम असें एकदां मान्य केलें म्हणजे ही पळवाट उरत नाहीं. नारदाच्या भक्तिसूत्रांत भक्तीला परम प्रेमाचें रूप म्हटलें आहे, शांडिल्यसूत्रांत परम अनुराग. नारद पुढें बजावतो कीं, भक्तांमध्यें जाति, विद्या, रूप, कुल, धन, क्रिया यांवरून भेद नाहीं. कोणी म्हणेल, हें भक्तांपुरतें झालें. ठीक आहे, मग भागवत उघडावें. तिसऱ्या स्कंधांत कपिल आपल्या मातेला सांगतो कीं, सर्व भूतांत वसणाऱ्या ईश्वराची उपेक्षा करून मूर्ति पूजणें म्हणजे राखेंत आहुति टाकणें होय. अकराव्या स्कंधांत भक्तांच्या पायऱ्या लावल्या आहेत. तेथें मूर्तीची श्रद्धेनें पूजा करणारा, पण भक्तांशीं व इतरांशीं तसा न वागणारा जो, त्याला सर्वांत खालीं बसविलें आहे. आमच्या परीक्षांच्या भाषेंत हा तिसरा वर्ग! आणि हे ग्रंथ कांहीं सुधारकांनीं लिहिलेले नाहींत.

चोखामेळ्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून तो मेला, व नामदेवानें त्याच्या अस्थि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर पुरल्या, असें परंपरा सांगते. देवावरचें प्रेम ढिगाऱ्यांतल्या हाडांपर्यंत पोंचतें, हें त्या शिंप्याला कोणी शिकवावें लागलें नाहीं. पुढें शतकानुशतकें त्या समाधीला हात लावून लोक आंत गेले, आणि चोख्याचे जातभाई तिच्यापाशींच थांबले. दार उघडलें तें १९४७ च्या मे महिन्यांत, साने गुरुजींनीं उपोषण करून प्राण पणाला लावल्यावर. ज्या देवळांत प्रेमाखेरीज दुसरें कांहीं चालत नाहीं असें आम्ही अभिमानानें सांगतों, तेथें ही पाळी यावी!

आतां कायद्यानें सर्व दारें उघडीं आहेत. देवळापुरता प्रश्न तरी संपला असें समजूं. पण खोली भाड्यानें देतांना आधीं आडनांव विचारणारे, व तें न रुचल्यास 'जागा आजच गेली' असें सांगणारे यजमान चोख्याचा अभंग ऐकतांना डोळे पुसतात, हें आम्हीं पाहिलें आहे. ते अश्रु खोटे होते असें आम्ही म्हणत नाहीं. भाडेकरू मात्र जिना उतरून गेलेला असतो.