वजन मुलाचे, परीक्षा कोणाची?

दहावी-बारावीच्या निकालांनी वर्तमानपत्रांची पाने भरतात. तीन वर्षांच्या मुलाला जे शिकविले जाते त्याची तपासणी कोण करतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा तिने अंगणवाडीकडे सोपविल्या. पहिल्या पाचांचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. सहावीचा येत नाही, म्हणून ती मागे पडते. आमच्या वस्तीत तपासणीला आलेल्या बाई वजनाचे रजिस्टर पाहतात, आहाराचा साठा पाहतात. आज गोष्ट कोणती सांगितली, मुले काय बोलली, हे त्यांनी विचारलेले मी कधी ऐकले नाही. जे तपासले जाते तेच नेटाने केले जाते. यात सेविकेचा काय दोष? तिला पगार नाही, मानधन आहे. आणि २०२१ पासून वह्यांच्या जोडीला मोबाइलवरचा पोषण ट्रॅकरही आला.

दुसरीकडे गल्लोगल्ली के. जी. निघाल्या. तेथे न्याय उलटा! संस्थेला तपासणारा क्वचितच. संस्थाच चिमुरड्याला आणि त्याच्या आईबापांना तपासते. वास्तविक, प्रवेशासाठी बालकांची परीक्षा घेण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने १९९६ सालीच केला. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी सुरू होते ती सहाव्या वर्षापासून!

कोणी म्हणेल, एवढ्याशा मुलांचे शिक्षण ते काय? ज्या घरात पुस्तके आहेत, त्या घरचे मूल घरीच शिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. हंगामात आई दिवस उगवताच कापूस वेचायला निघते. अशा घरच्या मुलाला अंगणवाडीतले चार तास हीच काय ती शाळा. ते वाया गेले तर भरपाई कोण करणार?

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला त्यांनी खडे, पाने, शिंपले यांतून शिक्षणाची साधने केली. मुले येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तपासायचे असते ते हे.

म्हणून तपासणी हवीच, परंतु मुलाची नको. तपासनिसाने रजिस्टर मिटून तासभर मुलांत बसावे. मुले बोलतात की गप्प असतात, हाती खेळणे आहे का, पाणी आणि संडास आहे का, हे पाहावे. सेविकेला प्रशिक्षण, जागा आणि साहित्य सरकारने दिले का, हेही त्याच अहवालात लिहावे. तो अहवाल ग्रामसभेत, शहरात प्रभागसभेत, आयांसमोर वाचला जावा. निळ्या-लाल शेऱ्यांनी कागद सुधारतात. आयांनी प्रश्न विचारले तर अंगणवाडी सुधारेल.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. येत्या शिबिरात एक सकाळ अंगणवाडीत बसू या. पाहिलेले लिहून काढू आणि त्या वस्तीतील आयांना वाचून दाखवू. सुरुवातीला एवढे पुरे.

(बी. ए. भाग दोन)