गुडघ्याची गादी शिवताना

वाकोल्याहून येणारे रुग्ण मला हटकून विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन दुर्बिणीतून, मग बाजूला आणखी चीर कशाला?" माझे मत स्पष्ट आहे : ती चीर टाळण्याचा हट्ट धरू नका. गुडघ्यातील फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, आतून बाहेर टाके घेऊन शिवताना सुई सांध्याच्या मागच्या अंगाने बाहेर पडते. तिथे दुर्बिणीची नजर पोहोचत नाही. आतल्या बाजूस सॅफेनस नस असते. ती टाक्यात सापडली तर नडगीची आतली बाजू बधिर होते, आग होते. बाहेरची पेरोनियल नस दुखावली तर पाऊलच लुळे पडते, चालताना चप्पल निसटते. म्हणून बाहेरची गादी शिवताना गुडघा काटकोनात वाकवतात. नस मागे सरकते. चिरेतून चमच्यासारखे हत्यार धरून सुई अडवतात आणि गाठ डोळ्यांदेखत मारतात.

हल्ली आतल्या आत टाके घेण्याची साधने आली आहेत. चीर वाचते खरी, पण सुई किती खोल शिरते याकडे लक्ष हवेच. मागे मोठी रक्तवाहिनीही आहे.

भूल उतरल्यावर पाऊल वर उचलता येत नसेल, तर 'सूज असेल' म्हणत सकाळची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना सांगा.