हृदयातील व्यभिचार आणि कायद्यातील व्यभिचार

भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने घटनाबाह्य ठरविले आणि व्यभिचार हा आपल्या देशात फौजदारी गुन्हा उरला नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये गृहविषयक संसदीय स्थायी समितीने, स्त्री आणि पुरुष या दोघांनाही समान लागू होईल अशा स्वरूपात हा गुन्हा पुन्हा कायद्यात आणावा, अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत व्यभिचाराचे कलम नाही.

या घडामोडींवर आपल्या समाजात जी चर्चा झाली, तिच्यात एक वाक्य वारंवार कानी येई : ‘कायद्याने कृतीही सोडून दिली, आणि आपला धर्म तर नुसत्या विचारालाही व्यभिचार म्हणतो.’ काहींच्या तोंडी ते अभिमानाने येते, काहींच्या तोंडी उपहासाने, तर काही श्रद्धावंतांच्या तोंडी भीतीने. ख्रिस्तसभा खरोखर तसे म्हणते काय? मनात आलेली वासना आणि प्रत्यक्ष केलेला व्यभिचार ही दोन्ही पापे सारख्याच वजनाची आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर त्याची किंमत घराघरात मोजावी लागते. म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

प्रश्नाचे मूळ संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो, की जो पुरुष एखाद्या स्त्रीकडे वासनेच्या हेतूने पाहतो, त्याने आपल्या अंतःकरणात तिच्याशी व्यभिचार केलेलाच आहे. येथे ‘हेतूने’ हा शब्द महत्त्वाचा. मूळ ग्रीक वाक्याची रचना हेतू दाखवणारी आहे, आणि वासनेसाठी तेथे जे क्रियापद आले आहे, तेच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ‘शेजाऱ्याच्या पत्नीचा लोभ धरू नको’ या आज्ञेत आलेले आहे. म्हणजे प्रभू सहाव्या आज्ञेचा अर्थ नवव्या आज्ञेच्या आधारे उलगडून दाखवीत आहे. सौंदर्य दिसणे, मन क्षणभर चाळवणे, शरीरात आपोआप उठणारी ओढ जाणवणे, यांविषयी ते वचन नाही. पाहण्यामागे इच्छा बाळगणारा, ती इच्छा पोसण्यासाठीच पाहणारा माणूस तेथे अभिप्रेत आहे. संत अगस्तीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस याच प्रवचनावर भाष्य लिहिताना हा भेद नेमका पकडला होता.

अगस्तीन यांनी पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : सूचना, रुची आणि संमती. सूचना बाहेरून किंवा स्मृतीतून येते, रुची शरीराला वाटते, आणि संमती देते ती इच्छाशक्ती. पाप पूर्ण होते ते या तिसऱ्या पायरीवर. याच भाष्यात त्यांनी आणखी एक सुंदर तुलना केली आहे. प्रभू येशूने तीन मृतांना जिवंत केले. याईराची मुलगी घरातच मृत होती. नाईन गावच्या विधवेच्या मुलाला वेशीबाहेर नेले जात होते. लाझारस तर चार दिवस कबरीत होता. मनातल्या मनात संमती दिलेले पाप हे घरातल्या मृत्यूसारखे, कृतीत उतरलेले पाप वेशीबाहेर नेलेल्या प्रेतासारखे, आणि सवयीचे पाप कबरीत कुजणाऱ्या देहासारखे. मृत्यू तिन्ही ठिकाणी आहे, पण तिन्ही सारखे नाहीत, आणि प्रभूने तिघांनाही उठवले. आमच्या मते, या विषयावर आजही याहून समर्पक असे फारसे काही सांगता येणार नाही.

पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली स्पष्ट केले, की बाप्तिस्म्यानंतरही माणसात उरणारी वासनेची ओढ ही स्वतः पाप नव्हे; ती पापातून येते आणि पापाकडे ओढते, एवढेच. याच परिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराविषयी शिकवताना दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली : शेवटच्या दोन आज्ञांविरुद्ध केवळ मनात केलेली गंभीर पापेही कबूल केली पाहिजेत, कारण कधीकधी ती उघड पापांपेक्षा आत्म्याला अधिक खोल जखम करतात. ही दोन विधाने एकत्र वाचली तरच ख्रिस्तसभेचे म्हणणे कळते. कॅथलिक श्रद्धाग्रंथही (क्रमांक १८५७) प्राणघातक पापासाठी तीन अटी घालतो : विषय गंभीर असावा, त्याचे पूर्ण ज्ञान असावे आणि बुद्ध्या संमती दिलेली असावी. तिसरी अट पुरी होत नसेल, तर विचार कितीही घाणेरडा असला, तरी तो प्राणघातक पाप होत नाही.

मग बुद्ध्या संमती दिलेला विचार आणि प्रत्यक्ष कृती ही तरी एकच काय? जातीने एक, वजनाने नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते हृदयाचे, वाणीचे आणि कृतीचे पाप या एकाच पापाच्या वाढत्या अवस्था आहेत. जो केवळ संधी मिळाली नाही म्हणून थांबला, त्याची इच्छा पूर्ण दुष्ट झालेली असते, हे ते मान्य करतात. परंतु कृती करताना इच्छा अधिक काळ टिकते, अधिक घट्ट होते, पुन्हा पुन्हा उठते, आणि त्या प्रमाणात दोष वाढतो, हेही ते दाखवून देतात. शिवाय व्यभिचार हे केवळ शुद्धतेविरुद्धचे पाप नाही, तो अन्याय आहे. श्रद्धाग्रंथ (क्रमांक २३८१) याच शब्दाने सुरुवात करून पुढे जोडीदाराचा हक्क, कराराचे वचन आणि मुलांचे हित यांचा उल्लेख करतो. मनातल्या विचाराने मुलाची फी थकत नाही आणि पत्नीला माहेरी परतावे लागत नाही. प्रभूने याच प्रवचनात रागाला खुनाच्या पंक्तीला बसवले आहे; म्हणून कोणी भावावर चिडलेल्या माणसाला खुनी समजून वागवत नाही. मग वासनेबाबतच हिशेब वेगळा का लावायचा?

या प्रश्नाचा जगभर गाजलेला एक प्रसंग १९७६ सालचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर यांनी ‘प्लेबॉय’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, आपण अनेक स्त्रियांकडे वासनेने पाहिले असून मनात अनेकदा व्यभिचार केला आहे, असे प्रांजळपणे सांगितले. कार्टर बाप्टिस्ट पंथाचे आणि रविवारशाळेत शिकवणारे गृहस्थ. त्यांची देशभर टर उडाली. मात्र त्यांच्या बोलण्याचा रोख फारसा कोणी लक्षात घेतला नाही. आपण स्वतःच मनाने अपराधी असल्यामुळे, पत्नीला सोडून दुसरीबरोबर राहणाऱ्या माणसाला तुच्छ लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांना सुचवायचे होते. विचार आणि कृती यांचे वजन सारखे आहे, असा त्यांचा दावा नव्हता. गर्व करायला जागा नाही, एवढेच ते म्हणत होते. ते ती निवडणूक जिंकले. २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक मृत्युलेखांत ही मुलाखत पुन्हा निघाली, आणि पुन्हा थट्टेचाच सूर अधिक होता.

चारच वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९८० रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी बुधवारच्या जाहीर भेटीत याच वचनावर बोलताना म्हटले, की पुरुष स्वतःच्या पत्नीच्या बाबतीतही हृदयात व्यभिचार करू शकतो. तिला केवळ आपली वासना शमविण्याचे साधन मानले, तर तो तिथेही दोषी ठरतो. इटलीतील वृत्तपत्रांनी गहजब केला : पोप महोदय आता विवाहितांच्या शय्यागृहातही शिरणार काय? वास्तविक पोप महोदयांचा मुद्दा उलट दिशेचा होता. परस्त्री की स्वस्त्री, हा प्रश्न कायद्याचा आहे. समोरची व्यक्ती ही व्यक्ती आहे की वस्तू, हा प्रश्न प्रभूचा आहे. वैवाहिक बलात्काराचा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे वर्षानुवर्षे येत आहे. हे ध्यानात घेता, १९८० साली ज्या विधानाची चेष्टा झाली, ते आज किती दूरदर्शी वाटते!

येथेच कलम ४९७ कडे पुन्हा वळायला हवे. १८६० च्या त्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या पत्नीशी तिच्या पतीच्या संमतीविना संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे. पतीची संमती असेल, तर गुन्हाच नसे. स्त्रीला शिक्षा नव्हती, पण तिला तक्रारीचा अधिकारही नव्हता. थोडक्यात, ती मालमत्ता होती. (योहानच्या शुभवर्तमानात व्यभिचारात सापडलेली स्त्री एकटीच पुढे आणली जाते, तिच्याबरोबरचा पुरुष कोठे गेला हे कोणी विचारत नाही, आमच्या कलमात पुरुष एकटाच पुढे आणला जाई. दोन्हीकडे निम्मेच आरोपी!) ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट कायदा तर २००१ च्या दुरुस्तीपर्यंत असा होता, की पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे, परंतु पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार आणि त्यासोबत क्रूरता किंवा परित्यागासारखे दुसरे कारण सिद्ध करावे लागे. ख्रिस्तसभा घटस्फोट मानत नाही, हे खरे. पण एकाच पापासाठी दोन मापे लावणारा तो कायदा आमच्याच नावाने चालत होता, हेही खरे.

प्रभूच्या काळीही व्यभिचार हा मुख्यतः दुसऱ्या पुरुषाच्या हक्कावरचा घाला समजला जाई. त्या पार्श्वभूमीवर प्रभूचे वचन वाचले, की त्याचा झोत बदलतो. तो पतीच्या हक्काविषयी बोलतच नाही. तो पाहणाऱ्या पुरुषाच्या अंतःकरणाकडे बोट दाखवतो आणि पुढच्याच ओळीत त्याच्या स्वतःच्या डोळ्याविषयी बोलतो. स्त्रीच्या पेहरावाविषयी तेथे चकार शब्द नाही. चर्चच्या दारात मुलींच्या कपड्यांवरून सूचना देण्याचा उत्साह दाखविणाऱ्यांनी हा उतारा एकदा सावकाश वाचावा.

कायदा डोळ्यापर्यंत पोहोचत नाही, असेही आता सरसकट म्हणता येणार नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे बाळगणे आणि पाहणे हेदेखील पोक्सो व माहिती तंत्रज्ञान कायद्यांखाली गुन्हा ठरू शकते. ‘मी फक्त पाहिले, कोणाला हात लावला नाही’ हा बचाव तेथे चालणार नाही, कारण पाहणाऱ्यासाठीच त्या बालकाचे शोषण झालेले असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये रोममधील धर्मगुरू व गुरुविद्यार्थ्यांशी बोलताना, अश्लील चित्रे पाहण्याचे व्यसन धर्मगुरू आणि धर्मभगिनींनाही जडते, हे उघडपणे मान्य केले आणि ते साहित्य भ्रमणध्वनीतून पुसून टाका, म्हणजे मोह हातात राहणार नाही, असा अगदी व्यावहारिक सल्ला दिला. १७ जानेवारी २०२४ च्या शिकवणुकीत त्यांनी लैंगिक सुख ही परमेश्वराची देणगी असल्याचे सांगून, वासना दुसऱ्याला लुटते, असे म्हटले.

विचार आणि कृती समान मानण्याची चूक दोन प्रकारची माणसे करतात. पहिला म्हणतो, मनात पाप झालेच आहे, मग प्रत्यक्ष केले तर काय बिघडले? हा युक्तिवाद अगस्तीन यांच्या तीन मृतांपुढे टिकत नाही. घरातले प्रेत मुद्दाम वेशीबाहेर नेण्यासारखे ते आहे. दुसरा बिचारा कोवळ्या विवेकाचा. रस्त्यात एखादी आकृती दिसली, स्वप्न पडले, जाहिरात डोळ्यांपुढे आली, की तो कम्युनियन घेणे टाळतो आणि दर शनिवारी त्याच विचारांची कबुली देत राहतो. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ साली मान्रेसा येथे अशाच शंकाग्रस्ततेचा छळ सोसला होता. त्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत लिहून ठेवले आहे, की आलेल्या वाईट विचाराला तत्काळ विरोध केला, तर तो पाप तर नाहीच, उलट पुण्य आहे. अशा माणसाने एकाच कबुलीगुरूचा सल्ला घ्यावा आणि तो पाळावा.

आणि एक तिसरी व्यक्ती आहे, जिच्याविषयी या चर्चेत क्वचितच बोलले जाते. पतीच्या भ्रमणध्वनीत रात्रीमागून रात्री काय चालते, हे जिला कळले आहे, ती पत्नी धर्मगुरूंना विचारते : फादर, हा व्यभिचार नव्हे काय? मी वेगळी राहू शकते काय? सांकेतिक भाषेत बोलायचे, तर धर्मनियम क्रमांक ११५२ जोडीदाराच्या प्रत्यक्ष व्यभिचाराच्या प्रसंगी, विवाहबंध कायम ठेवून, विभक्त राहण्याचा हक्क देतो. हृदयातील व्यभिचार त्या नियमात बसत नाही, आणि प्रभूचे वचन धर्मनियमाच्या कलमासारखे वापरणेही बरोबर नाही. परंतु लगतचा नियम ११५३ सांगतो, की एक जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका निर्माण करीत असेल, किंवा सहजीवन असह्य करीत असेल, तर वेगळे होण्यास ते रास्त कारण आहे. ते कारण लागू पडते की नाही, हे ठरविण्याचा अधिकार बिशपांचा आहे; विलंब धोक्याचा असेल, तर ती आधी बाहेर पडू शकते आणि परवानगी मागाहून घेऊ शकते.